साडेपाच मिनिटांचं कोडं: व्हेगसचं उत्तेजन आणि हुकलेले ठोके

होल्टरच्या, म्हणजे दिवसभर अंगावर बांधून ठेवलेल्या ईसीजी-यंत्राच्या, अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: सरासरी ठोके, मिनिटाला 71. एवढंच वाचलं असतं तर कुणीही निर्धास्तपणे पान उलटलं असतं. पण त्याच चोवीस तासांत या हृदयाची खालची बाजू एकदा सलग 7.8 सेकंद गप्प होती, आणि तीन सेकंदांहून लांब असे विराम एकूण 61 होते. सरासरीत त्यातलं काही दिसत नव्हतं.

आधीच सांगतो, यातली रुग्ण आणि तिची बहीण कल्पित आहेत, आणि त्यांच्याबद्दलचे आकडे शिकवण्याच्या सोयीसाठी रचलेले आहेत. मात्र असे प्रसंग वैद्यकीय नोंदींमध्ये आलेले आहेत, आणि खाली सांगितलेली शरीरक्रिया खरी आहे.

रुग्ण 34 वर्षांची स्त्री. लहानपणापासून अपस्मार. दोन-तीन औषधं एकत्र देऊनही फिट्स आटोक्यात येत नव्हत्या, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नेमकी जागा सापडत नव्हती. म्हणून सहा वर्षांपूर्वी व्हेगस उत्तेजक यंत्र बसवलं. व्हेगस म्हणजे मेंदूतून मानेवाटे हृदयाकडे आणि इतर इंद्रियांकडे जाणारा मज्जातंतू. छातीच्या डाव्या बाजूला कातडीखाली एक चपटी डबी, तिच्यातून मानेपर्यंत गेलेली वायर, आणि वायरच्या टोकाला डाव्या व्हेगसभोवती गुंडाळलेली बारीक वेटोळी. यंत्र 30 सेकंद स्पंदनं देतं, मग 5 मिनिटं विश्रांती घेतं. हे चक्र रात्रंदिवस चालू असतं. महिन्याच्या बारा-तेरा फिट्स सहावर आल्या होत्या. अपस्मारात हा आकडा कमी नाही.

मग नवीन तक्रार सुरू झाली. बसल्या-बसल्या किंवा उभ्या-उभ्या त्या अचानक पांढऱ्याफटक पडायच्या, गुडघे लुळे व्हायचे, आणि पाच-सात सेकंदांत शुद्धीवर यायच्या. मेंदूच्या डॉक्टरांना वाटलं, स्नायूंचा ताण अचानक जाऊन माणूस कोसळतो तशा प्रकारची नवी फिट असावी. तसं वाटण्यात चूक नव्हती. जुन्या अपस्मारात फिटचं रूप बदलतं. त्यांनी यंत्राचा करंट 1.5 मिलिअँपिअरवरून 1.75 वर नेला. तीन आठवड्यांत पडणं आठवड्यातून एकदावरून जवळजवळ रोजचं झालं.

बहिणीची वही

या प्रकरणात सगळ्यात चांगली नोंद कुठल्याही मशीनची नव्हती. ती होती धाकट्या बहिणीच्या वहीतली. तिचं पहिलंच वाक्य असं: "ताईची फिट अशी नसते. फिट येऊन गेली की ती तासभर गुंगीत असते. आता मात्र पडते आणि लगेच विचारते, काय झालं गं?"

एवढ्यावरच शंका यायला हवी होती. फिटनंतर मेंदू थकतो, गोंधळतो. रक्तपुरवठा काही सेकंद तुटून शुद्ध हरपली असेल, तर रक्त परत आल्याबरोबर माणूस ताळ्यावर येतो. पहिल्यात बिघाड मेंदूत असतो. दुसऱ्यात मेंदूला नुसतं उपाशी ठेवलेलं असतं.

वहीत आणखी एक नोंद होती, आणि ती वाचून माझ्या पोटात गोळा आला. "मॅग्नेट फिरवला. उठली होती, पुन्हा पडली." या यंत्राबरोबर घरी एक चुंबक देतात. फिट येतेय असं वाटलं की तो छातीवरच्या डबीवरून सेकंदभर फिरवायचा, म्हणजे यंत्र ठरलेल्या वेळेची वाट न पाहता एक जादा उत्तेजन देतं. या जादा उत्तेजनाचा करंट बहुधा नेहमीपेक्षा थोडा वरच ठेवलेला असतो. इथे तो 2 मिलिअँपिअर होता. बहीण शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर वागत होती, आणि ज्यामुळे ताई पडत होती तेच तिला आणखी एकदा देत होती.

तिसरा पुरावा मोबाइलवरच्या व्हिडिओत होता. ताई कशाबद्दल तरी बोलत बसल्या आहेत. वाक्याच्या मधेच आवाज घोगरा होतो. त्यानंतर दोन-तीन शब्द, मग डोळे वर जातात आणि मान कलते. आम्ही तो चार-पाच वेळा पाहिला. प्रत्येक वेळी आमचं लक्ष पडण्याकडे होतं, आवाजाकडे नव्हतं. पाचव्यांदा कुणीतरी म्हणालं, आधी आवाज बसतोय.

आवाज बसणं हा या यंत्राचा सगळ्यांना माहीत असलेला परिणाम. स्वरयंत्राच्या स्नायूंकडे जाणारे तंतू व्हेगसमधूनच जातात. ते जाड असतात, त्यामुळे कमी करंटलाही चटकन पेटतात. म्हणजे आवाज घोगरा झाला याचा अर्थ यंत्र त्या क्षणी सुरू झालं. इतक्या जणांनी तो व्हिडिओ पाहिला, आणि घड्याळ त्यातच वाजत होतं.

साध्या ईसीजीत का सापडलं नाही

दवाखान्यात तीनदा ईसीजी काढला होता. तिन्ही नॉर्मल. नेहमीचा ईसीजी सुमारे दहा सेकंदांची पट्टी देतो. यंत्राचं चक्र 330 सेकंदांचं, त्यात उत्तेजन 30 सेकंद. आंधळेपणाने पट्टी काढली, तर ती नेमकी उत्तेजनावर पडण्याची शक्यता फारच थोडी. नाडी मोजतानाही तसंच. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या माणसाला हे हृदय निरोगीच वाटणार.

होल्टर लावल्यावर संगणकाने विरामांची यादी काढून दिली. रात्रीचा एक तुकडा असा होता: 2:11:40, 2:17:10, 2:22:40. तंत्रज्ञाने पेन्सिलने कडेला फरक लिहिला, 5:30, 5:30. हृदयाचा कुठलाही आजार इतका वक्तशीर नसतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत संदेश सोडणारा एव्ही नोड जीर्ण झाला असता तर ठोके कधीही हुकले असते. कार्बामॅझेपिन या फिट्सवरच्या औषधावरही संशय होता, आणि तो रास्तच होता, कारण हे औषध एव्ही नोडमधून जाणारा संदेश मंदावू शकतं. पण रक्तातलं औषध साडेपाच मिनिटांनी चढत-उतरत नाही. आणखी एक शक्यता तपासणं भाग होतं. काही फिट्स, विशेषतः कानशिलाच्या बाजूच्या, स्वतःच हृदय थांबवू शकतात. म्हणून व्हिडिओ-ईईजी (व्हिडिओसोबत मेंदूच्या लहरींची नोंद) केला, आणि त्यात एक जादा इलेक्ट्रोड मानेच्या डाव्या बाजूला चिकटवला. यंत्र चालू झालं की तिथे बारीक दातेरी रेघ उमटते. क्रम स्पष्ट दिसला: आधी दातेरी रेघ, मग ईसीजीत खंड, मग काही सेकंदांनी मेंदूच्या लहरी मंद. फिटचा विद्युत-स्फोट कुठेच नव्हता.

शेवटची तपासणी सगळ्यात स्वस्त होती. चुंबक डबीवर नुसता फिरवला तर यंत्र उत्तेजन देतं, पण तिथेच धरून ठेवला तर ते गप्प बसतं. वीस मिनिटं तो चिकटपट्टीने छातीवर बसवला आणि ईसीजीकडे पाहत राहिलो. ठरलेल्या तीन वेळा आल्या आणि गेल्या. एकही ठोका हुकला नाही. चुंबक काढला, आणि पुढच्या उत्तेजनाला विराम परत आला.

ठोका कुठे हुकत होता

आता मूळ मुद्दा. व्हेगसला वीज दिली की हृदय मंदावतं, हे 1845 मध्ये वेबर बंधूंनी दाखवलं. एखादा मज्जातंतू एखाद्या इंद्रियाचं काम थांबवू शकतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. पण 'मंदावतं' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. ठोका जिथे जन्मतो तो एसए नोड सावकाश होऊ शकतो. किंवा ठोका जन्मतो वेळेवरच, पण वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाण्याचा दरवाजा, म्हणजे एव्ही नोड, बंद होतो. ढोबळमानाने उजव्या व्हेगसचा जोर एसए नोडवर असतो आणि डाव्याचा एव्ही नोडवर. ही वाटणी काटेकोर नाही, दोन्हींचे तंतू दोन्ही ठिकाणी पोचतात. तरी यंत्र डाव्या बाजूला बसवतात ते हृदयाचा वेग कमी होऊ नये म्हणूनच. यात एक खोच आहे. वेग वाचवायला डावी बाजू निवडली, आणि धोका दरवाज्याकडे सरकला.

7.8 सेकंदांच्या विरामाची पट्टी हेच सांगत होती. पी तरंग, म्हणजे वरच्या कप्प्यांचा विद्युत संकेत, येत होते. त्यांचा वेग मिनिटाला 62 वरून 56 इतकाच उतरला होता. असे सात पी तरंग एकामागून एक आले, आणि एकाच्याही मागे क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांचा संकेत, नव्हता. वरचे कप्पे इमानाने आकुंचन पावत होते, खालच्यांना निरोपच मिळत नव्हता. ज्याने फक्त 'हृदयाचा वेग' पाहिला, म्हणजे पी तरंग मोजले, त्याला वेगात सहा ठोक्यांचा किरकोळ फरक दिसला असता. ज्याने मनगटावर नाडी धरली, त्याला हृदय थांबलेलं वाटलं असतं. दोघंही बरोबर. या विषयावर 'व्हेगस उत्तेजनाने हृदयगतीवर विशेष परिणाम होत नाही' असं वाक्य वाचलं, की मी आधी पाहतो, मोजलं काय होतं.

विरामानंतर एक रुंद, ओबडधोबड क्यूआरएस आला, मग तसेच आणखी काही, मिनिटाला साधारण 35. उत्तेजन तेव्हा चालूच होतं. खालच्या कप्प्यांनी वाट पाहून शेवटी स्वतःचा ताल धरला होता. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत याला व्हेगसच्या तावडीतून सुटणं म्हणतात. जोरदार उत्तेजन सलग चालू ठेवलं तरी हृदय काही सेकंद थांबतं, आणि मग मिनिटाला 20 ते 40 च्या गतीने पुन्हा चालू लागतं. व्हेगसचे तंतू वरच्या कप्प्यांत आणि दोन्ही नोडमध्ये दाट असतात, खालच्या कप्प्यांत विरळ. ही सुटका नसती, तर 30 सेकंदांचं प्रत्येक उत्तेजन जीवावर बेतू शकलं असतं.

आणि उत्तेजन संपताच एक-दोन ठोक्यांत सगळं पूर्ववत. हा वेगसुद्धा व्हेगसची सही आहे. ओट्टो लोवी यांनी बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून 1921 मध्ये दाखवलं, की व्हेगसचा परिणाम एका रसायनामार्फत होतो: एका हृदयाच्या व्हेगसला उत्तेजन दिलं, त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, आणि तेही मंदावलं. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. या कामासाठी लोवींना 1936 मध्ये हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळालं. अ‍ॅसिटिलकोलिन नोडच्या पेशींवरच्या एम-2 ग्राहकाला चिकटलं, की पोटॅशियमच्या खास वाहिन्या उघडतात, पेशीचा विद्युतभार आणखी ऋण होतो, आणि ती पेटायला उशीर करते. रासायनिक निरोप्यांची लांबलचक साखळी मधे नसल्याने परिणाम ठोक्याभरात सुरू होतो. आणि अ‍ॅसिटिलकोलिन फोडणारं विकर तिथेच हजर असल्याने तो संपतोही लगेच. व्हेगसच्या उलट, हृदय वेगवान करणाऱ्या सिम्पथेटिक मज्जातंतूंचा परिणाम चढायला-उतरायला कितीतरी सेकंद घेतो. तीस सेकंदांच्या खिडकीत इतक्या धारदार कडा असलेला खंड फक्त व्हेगसच पाडू शकतो.

मग चोवीस तासांत सुमारे 262 उत्तेजनं होत असताना लांब विराम 61 च का, आणि त्यातले जाणवले दोनच का? लांब विराम बहुतेक रात्रीचे होते. झोपेत व्हेगसचा स्वतःचा जोर आधीच वाढलेला असतो, त्यावर यंत्राची भर पडली की दरवाजा बंद. दिवसा, चालता-फिरता सिम्पथेटिकचा जोर एव्ही नोडला सावरून धरायचा, आणि फक्त ठोका पोचायला थोडा वेळ लागायचा किंवा एखादा हुकायचा. शिवाय आडव्या माणसाच्या मेंदूला रक्त पोचायला चढण नसते, आणि झोपलेल्या माणसाला शुद्ध हरपल्याचं कळणार तरी कसं? पडायला दोन्ही जमून यावं लागतं: लांब विराम, आणि तो ताठ बसलेलं किंवा उभं असताना.

सहा वर्षं गप्प, मग आताच का

याचं नेमकं उत्तर या रुग्णात मिळालं नाही. वायर शाबूत होती, इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) नॉर्मल, एक्स-रेत वेटोळी जागच्या जागी. वेटोळी हृदयाकडे जाणाऱ्या मानेतल्या फाट्यांच्या खाली बसवतात, ते फाटे वगळले जावेत म्हणून. पण छातीत फुटणारे हृदयाचे फाटे त्याच खोडातून खाली जातात, त्यामुळे हृदयाचे सगळे तंतू टाळणं शक्यच नसतं. इलेक्ट्रोडभोवती वर्षानुवर्षं तंतुमय ऊती जमते आणि करंटची वाट बदलू शकते. मला तेच जास्त पटतं, पण मान उघडून पाहिल्याशिवाय ते सिद्ध होत नाही, आणि केवळ कुतूहलासाठी मान उघडत नाहीत. करंट वाढवल्याने त्रास बळावला एवढं नक्की. सुरुवात मात्र त्याआधीची होती.

यंत्र बसवतानाच, शस्त्रक्रियेच्या टेबलावर वायरची पहिली चाचणी घेताना हृदय थांबण्याचे प्रसंग जास्त परिचित आहेत. प्रमाण हजारात एकाच्या आसपास सांगितलं जातं. तिथे भूलतज्ज्ञ डोक्याशी उभा असतो, चाचणी थांबवता येते, व्हेगसचा परिणाम रोखणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी असतं. वर्षांनी घरात होणाऱ्या प्रकाराकडे बघायला कुणीच उभं नसतं.

पेसमेकर की बंद बटण

हृदयाच्या विभागातून पहिला सल्ला आला पेसमेकरचा. पट्टीवर पूर्ण एव्ही ब्लॉक, 7.8 सेकंद विराम, शुद्ध हरपणं. कागदावर तो सल्ला चुकीचा नव्हता. पण एका यंत्राची चूक झाकायला दुसरं यंत्र घालायचं, हे मला पटलं नाही. यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशीच्या होल्टरमध्ये एकही विराम नव्हता. एव्ही नोडला स्वतःचा आजार नाही, हे सिद्ध झालं. पण पुढच्या दोन महिन्यांत फिट्स सहावरून अकरावर गेल्या. रुग्ण म्हणाल्या, "पडणं बंद झालं हे खरं, पण माझं आयुष्य परत तिथेच आलं."

मग रुग्णालयात, मॉनिटरखाली, अ‍ॅट्रोपिन भरून ठेवून, करंट पायरीपायरीने चढवून पाहिला. ही दुपार मला फार मोलाची वाटते. 0.5 मिलिअँपिअरला गती 62 वरून 65 झाली, म्हणजे चक्क वाढली. हा मोजमापातला गोंधळ असेलच असं नाही. मानेतल्या व्हेगसचे बहुसंख्य तंतू खालून वर, मेंदूकडे निरोप नेणारे असतात. कमी करंटला आधी त्यांतले काही पेटतात, आणि मेंदू प्रतिसाद म्हणून हृदयाकडे येणारा आपला व्हेगसचा जोर थोडा सैल सोडतो. करंट वाढला की खाली जाणारे तंतूही पेटतात आणि हृदय मंदावू लागतं. मधे एक असा बिंदू येतो जिथे दोन्ही ओढी बरोबरीत येतात आणि गती हलतच नाही. गती स्थिर आहे म्हणून व्हेगसवर काही होत नाही, असं म्हणता येत नाही ते यामुळेच. 1 मिलिअँपिअरला पी तरंग आणि क्यूआरएसमधलं अंतर लांबलं. 1.25 ला एक ठोका हुकला. तिथे थांबलो.

मग स्पंदनाची रुंदी 500 मायक्रोसेकंदांवरून 250 वर आणली, वारंवारता 30 हर्ट्झवरून 20 वर. हृदयाकडे जाणारे तंतू स्वरयंत्राच्या तंतूंपेक्षा बारीक असतात, त्यांना पेटायला जास्त विद्युतभार लागतो. स्पंदन आखूड केलं की त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी थोडी जास्त मोकळीक मिळते. या मांडणीत 1 मिलिअँपिअरलाही ते अंतर जागचं हललं नाही.

इथे आमच्यात मतभेद झाले. माझं मत यंत्र बंदच ठेवावं असं होतं. ठोके हुकू लागण्याचा उंबरठा एकदा कारण न सांगता घसरला, तो पुन्हा घसरणार नाही याची हमी कोण देणार? मेंदूचे डॉक्टर म्हणाले, अनियंत्रित फिट्सनेही माणसं मरतात, तो धोकाही मोजा. रुग्णाने दोघांचं ऐकलं आणि यंत्र चालू ठेवायचं ठरवलं. 0.75 मिलिअँपिअर, 250 मायक्रोसेकंद, 20 हर्ट्झ. चुंबक फिरवल्यावर मिळणारं जादा उत्तेजन शून्यावर आणलं. आता चुंबकाचं एकच काम उरलं: काही वेगळं वाटलं तर डबीवर धरायचा आणि धरून ठेवायचा. बहिणीकडून ते तीनदा करून घेतलं, कारण सहा वर्षांची फिरवण्याची सवय हातात मुरलेली होती.

पहिल्या आठवड्यात, महिन्याने आणि सहा महिन्यांनी होल्टर केला. तिन्ही वेळा पहिलं पान न बघता थेट विरामांच्या यादीकडे गेलो. यादी रिकामी होती. फिट्स महिन्याला आठ. सहा नाहीत, अकराही नाहीत.

बोलताना ताईंचा आवाज अजूनही मधूनच किंचित घोगरा होतो. तेवढ्यापुरती बहीण बोलायची थांबते, तिच्या चेहऱ्याकडे बघते, आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करते.